पंधरा तारखेचे पैसे

आमच्या किचनरच्या भाड्याच्या घरात फ्रिजवर एक कागद लावलेला होता, त्यावर चार तारखा, ५, १०, १५, २०. कॅनडात नवीन आलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यात कुणी ना कुणी या तारखा, सरकारी पैसे खात्यात यायच्या, तेव्हा सांगायचंच. पाचला जीएसटी क्रेडिट, दहाला आमच्या ऑन्टारिओ प्रांताचं ट्रिलियम बेनिफिट, वीसला मुलांचा चाइल्ड बेनिफिट, आणि पंधराला... पंधराचं काय ते जी सांगत होती तिलाही नीट सांगता आलं नाही. "ते क्लायमेटचं काहीतरी असतं गं, तीन महिन्यांनी येतं" एवढंच. मी कागदावर 'क्लायमेट?' असं प्रश्नचिन्ह देऊन लिहिलं आणि ते प्रश्नचिन्ह तिथे दोन वर्षं तसंच राहिलं.

आता ती योजना, इंधनावरच्या कार्बन कराचे पैसे घरोघरी परत देणारी, बंद झालीय आणि लोक तिच्याबद्दल काय वाट्टेल ते बोलतात, म्हणून म्हटलं आपण ज्यातून गेलो ते जसंच्या तसं लिहावं.

आम्ही नोव्हेंबर २०२२ मध्ये आलो, पीआर म्हणजे कायम राहण्याचा परवाना घेऊन, मी, नवरा आणि साडेचार वर्षांची लेक. सिन नंबर, म्हणजे इथल्या नोकरीला आणि टॅक्सला लागणारा ओळख क्रमांक, एका दिवसात मिळाला, बँक अकाउंट दुसऱ्या दिवशी. मग सेटलमेंट सेंटरमधल्या बाईंनी दोन फॉर्म हातात दिले, आरसी ६६ आणि त्याचं शेड्यूल. म्हणाल्या, हा भरलात की मुलीचा बेनिफिट, जीएसटी क्रेडिट आणि क्लायमेट ॲक्शन इन्सेंटिव्ह (तेच पंधरा तारखेचं), तिन्हीचं एकदम होतं, मूल नसलेल्यांना आरसी १५१ नावाचा वेगळा फॉर्म असतो. मला वाटलं होतं नाव-पत्ता-सही एवढंच असेल, पण शेड्यूलमध्ये कॅनडात येण्याआधीची कमाईसुद्धा विचारतात, वर्षवार, दोघांची, तीही कॅनेडियन डॉलरमध्ये. मग काय, आईच्या घरी नाशिकला ठेवलेल्या फाइलीतून फॉर्म १६ चे फोटो मागवले, बाबांनी एकेक पान खिडकीजवळ धरून फोटो काढले, आणि आम्ही इथे रात्री डायनिंग टेबलवर रुपयांचे डॉलर करत बसलो. सगळं डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पोस्टात टाकलं. आणि इथे माझ्याकडून चूक झाली. मूल कॅनडाबाहेर जन्मलेलं असेल तर जन्माचा पुरावा जोडायचा असतो, नाशिक महापालिकेचा जन्मदाखला मी झेरॉक्स करून ठेवलाही होता, पण तो पाकिटात न जाता प्रिंटरवरच राहिला. जानेवारीच्या शेवटी पत्र आलं, दाखला पाठवा म्हणून. पुन्हा पोस्ट, पुन्हा वाट.

मार्चच्या मध्याला एक पाकीट आलं, त्यात १६३ डॉलरचा चेक, जानेवारीचा राहिलेला. डायरेक्ट डिपॉझिट अजून जोडलेलं नव्हतं म्हणून कागदी चेक. सोबतच्या नोटिशीत फोड दिली होती, पहिल्या मोठ्या माणसाचे ९३.२५, जोडीदाराचे ४६.५०, मुलाचे २३.२५. मी ती नोटीस तीनदा वाचली कारण मला त्यात कुठेच कळेना की हे नेमकं कशाबद्दल. आम्ही गरीब म्हणून? तर उत्पन्नाची अट कुठेच नव्हती. मूल आहे म्हणून? मग नवऱ्याचे वेगळे कशाला? नवरा म्हणाला, सरकार देतंय तर घे, कशाला डोकं लावतेस. पण माझा स्वभाव तसा नाही. मी लग्नाआधीपासून हिशोबाची वही लिहिते, आलेल्या प्रत्येक पैशापुढे 'कशाचे' हा रकाना असतो आणि तो रिकामा राहिलेला मला आवडत नाही.

उत्तर सापडलं ते गॅसच्या बिलात. म्हणजे घर तापवणाऱ्या फर्नेसच्या गॅसचं बिल, फेब्रुवारीचं, हातात घेतल्यावर छातीत धस्स झालं इतकं मोठं. प्रत्येक ओळ वाचत गेले, गॅसचा दर, वाहतूक, डिलिव्हरी, आणि मध्येच एक ओळ, फेडरल कार्बन चार्ज. इतके घनमीटर गुणिले इतके सेंट. मग शोधून शोधून वाचलं आणि कोडं उलगडलं. २०१८ साली इथे कायदा झाला, एप्रिल २०१९ पासून ज्या प्रांतांनी स्वतःची व्यवस्था केली नाही तिथे केंद्र सरकार पेट्रोल, डिझेल, गॅस अशा इंधनावर कार्बनचा आकार लावायला लागलं. सुरुवातीला कार्बन डायऑक्साइडच्या टनाला २० डॉलर, मग दरवर्षी चढत चढत २०२३ ला ६५ आणि २०२४ ला ८०. ऑन्टारिओ त्यात होता. क्युबेक आणि ब्रिटिश कोलंबिया यांची स्वतःची पद्धत म्हणून तिथल्यांना हा चेक नव्हता. आणि जमा झालेल्या पैशातला साधारण ९० टक्के भाग त्याच प्रांतातल्या घरांना परत. डोईप्रमाणे. तुम्ही किती जाळलं त्याच्याशी काही संबंध नाही!

हे शेवटचं वाक्य मला कळायला वेळ लागला आणि कळल्यावर मात्र मी अक्षरशः उठून नवऱ्याला सांगायला गेले. कारण आपल्याकडे सबसिडी म्हणजे वापराला मदत. गॅस सिलिंडर घेतला की खात्यात सबसिडी यायची, नाशिकला आईच्या फोनवर तो मेसेज यायचा, ती मला वाचून दाखवायची. सिलिंडर जास्त घेतले तर सबसिडी जास्त (बारापर्यंत). इथे उलट होतं. गॅस कितीही जाळा, परत येणारे तेवढेच. म्हणजे मी थर्मोस्टॅट २१ वरून १९ वर आणला तर बिलातला कार्बन चार्ज कमी व्हायचा आणि पंधरा तारखेचे पैसे मात्र एक सेंटनेही कमी होत नसत. बचत केली ती सगळी आपलीच.

पुढच्या हिवाळ्यात आम्ही खिडक्यांना ती प्लॅस्टिकची फिल्म लावली, हेअर ड्रायरने गरम करून ताणून बसवतात ती. आमच्या बेडरूमच्या खिडकीतून इतकी हवा यायची की रात्री पडदा हलायचा. लेक एका टोकाला फिल्म धरून उभी, मी ड्रायर फिरवतेय, आणि सुरकुत्या जाऊन ती एकदम काचेसारखी ताणली गेली तेव्हा तिने टाळ्या वाजवल्या. पडदा हलायचा थांबला. जुन्या घराचं सगळं काही यातून सुटत नाही, फर्नेस घरमालकाचा, तो बदलणं आमच्या हातात नाही आणि भाडेकरूला ही अडचण कायम राहते, याचा विचार योजना आखणाऱ्यांनी फारसा केलेला मला दिसला नाही.

मधे एक गोंधळ झाला. आमचं पहिलं टॅक्स रिटर्न, २०२२ चं, आम्ही एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात लायब्ररीतल्या फुकट टॅक्स क्लिनिकमध्ये भरलं, कागदी. मला माहीतच नव्हतं की एप्रिलचा हप्ता वेळेवर हवा तर रिटर्न मार्चच्या मध्यापर्यंत जायला लागतं. त्यामुळे एप्रिलला काही आलं नाही, मेमध्ये नाही, जूनमध्ये नाही. आणि जुलैमध्ये बँकेच्या ॲपवर पाहते तर २१३.५० आणि परत २१३.५०. तोपर्यंत डायरेक्ट डिपॉझिट जोडलं होतं. समोर लेबल म्हणाल तर नुसतं 'कॅनडा'. बास. नवरा घाबरला, म्हणाला हे चुकून दोनदा आलंय, परत मागतील, हात लावू नकोस. आम्ही खरंच ४२७ डॉलर महिनाभर तसेच ठेवले, लेकीचे स्विमिंगचे पैसे क्रेडिट कार्डावर भरले पण त्याला हात लावला नाही. बँकेत जाऊन विचारलं तर काउंटरवरचा मुलगा फार चांगला होता पण त्यालाही सांगता येईना, म्हणाला गव्हर्नमेंटचं काहीतरी आहे. शेवटी टॅक्सच्या ऑनलाइन अकाउंटचा सिक्युरिटी कोड पोस्टाने आला, लॉगिन केलं, तिथे स्वच्छ लिहिलेलं, एक हप्ता एप्रिलचा, एक जुलैचा. १२२ अधिक ६१ अधिक ३०.५०. वहीतला रकाना भरला.

मला राहून राहून वाटतं की हे लेबल नीट नसणं हीच सगळ्यात मोठी चूक होती. पेट्रोल पंपावर तुम्ही आठवड्याला जाता, आकडा समोर फिरताना दिसतो, गॅसच्या बिलात कार्बनची ओळ दर महिन्याला छापलेली. आणि परतीचे पैसे वर्षातून चार वेळा, कुठल्याशा अर्धवट नावाने, पगाराच्या आणि भाड्याच्या ओळींमध्ये हरवलेले. सुरुवातीची काही वर्षं तर वेगळे यायचेच नाहीत, टॅक्स रिटर्नमध्येच वळते व्हायचे, तिमाही पद्धत जुलै २०२२ पासूनची. घेतलेलं रोज दिसतं आणि दिलेलं दिसत नाही, मग माणसाने काय समजायचं? सरकारलाही हे उशिरा कळलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये नाव बदलून 'कॅनडा कार्बन रिबेट' केलं आणि बँकांनी डिपॉझिटवर तेच नाव दाखवावं म्हणून त्या वर्षीच्या बजेटमध्ये तरतूद आणली. तोवर 'ॲक्स द टॅक्स', म्हणजे हा कर काढून टाका ही घोषणा, लोकांच्या तोंडी बसली होती.

नवऱ्याच्या वेअरहाऊसमध्ये एक जण होता, इथलाच, गावाकडून पिकअप ट्रकने यायचा, रोज जाऊन येऊन शंभराच्या वर किलोमीटर. तो या कराच्या नावाने रोज बोटं मोडायचा. एकदा जेवणाच्या सुट्टीत नवऱ्याने त्याला बँकेचं ॲप उघडायला लावलं, पंधरा तारखेला जमा झालेले पैसे शोधायला लावले. वर्षाचे चारही हप्ते सापडले. त्याला खरंच माहीत नव्हतं, तो समजत होता ते जीएसटीचे आहेत. पण मग त्याने तिथेच हिशोब मांडला. महिन्याला ३०० लिटर पेट्रोल, लिटरला १७.६१ सेंट कार्बनचे, म्हणजे महिन्याला ५२.८३, तिमाहीला १५८ च्या वर, आणि एकट्या माणसाला मिळणार १४०. घरचा गॅस वेगळाच. नवरा घरी येऊन म्हणाला, तो खोटं बोलत नाहीये गं. आणि खरंच, त्याच्यापुरतं ते खरं होतं. त्याच्या गावाला बस नाही, ट्रकशिवाय त्याला नोकरी नाही. दहापैकी आठ घरांना भरल्यापेक्षा जास्त परत मिळतं असं सरकार सांगायचं, पण उरलेल्या दोघांत आपण असलो तर त्या आठांचं कौतुक कसं वाटणार? गावाकडच्यांसाठी जादा रक्कम होती, आधी १० टक्के, एप्रिल २०२४ पासून २०, पण ती मिळायला रिटर्नमध्ये एका चौकोनात खूण करावी लागायची आणि त्याने ती केलेलीच नव्हती.

आमचा हिशोब मी एप्रिल २०२४ ते मार्च २०२५ असा अख्खा वर्षाचा मांडला. त्या वर्षी दर एकच होता म्हणून सोपं गेलं. गॅस १,४४० घनमीटर, घनमीटरला १५.२५ सेंट, झाले २१९.६०. पेट्रोल १,५४० लिटर, २७१.१९. वर १३ टक्के एचएसटी, हो, कार्बन चार्जवरसुद्धा विक्रीकर लागायचा आणि तो या रिबेटमधून परत यायचा नाही, हे मला शेवटपर्यंत खटकलं. सगळं धरून ५५४.५९. आणि आलेले चार वेळा २४५, म्हणजे ९८०. थंडीच्या तिमाहीत फरक अगदी थोडा, जेमतेम पन्नास-पंचावन्न डॉलर आमच्या बाजूला, कारण फर्नेस रात्रंदिवस चालू. उन्हाळ्यात मात्र दीडशे डॉलर हातात राहायचे. दुकानातल्या भाजीत, दुधात ट्रकच्या डिझेलचे किती सेंट मिसळलेत ते माझ्या वहीत येत नाही, त्यामुळे हा हिशोब पूर्ण आहे असं मी म्हणणार नाही. पण आमच्या घरापुरतं भाजी-दुधात वर्षाला सव्वाचारशे डॉलर मिसळले असतील असं मला वाटत नाही. आम्ही लहान घरात राहतो, एक गाडी, लेकीची शाळा चालत, नवरा आणि त्याचे दोघे मित्र एकाच गाडीने कामाला जातात. आमच्यासारख्याच घरांकडे पैसा वळावा अशीच ती रचना होती आणि तो वळतही होता.

हे सगळं मी बाबांना फोनवर सांगायचे. बाबा एकलहऱ्याच्या थर्मल वीजकेंद्रातून रिटायर झाले, कोळसा हा त्यांचा आयुष्याचा विषय. त्यांनी मला आठवण करून दिली की आपल्याकडेही २०१० पासून कोळशावर टनाला ५० रुपये सेस होता, वाढत वाढत २०१६ ला ४०० झाला. स्वच्छ ऊर्जेच्या नावाने सुरू झाला आणि २०१७ ला जीएसटी आल्यावर राज्यांच्या नुकसानभरपाईत गेला. "आम्ही रोज कोळशाच्या मालगाड्यांच्या रेकच्या रेक उतरवून घेतल्या, त्याचा सेस कुठे जातो ते आमच्यातल्या एकालाही सांगता आलं नसतं," म्हणाले. आणि मग थोडं थांबून, "तुला चेक तरी येतो." ते वाक्य माझ्या मनातून जात नाही, कारण माझ्या आसपासच्या बहुतेकांना चेक येत होता आणि तरी कुठून येतो ते माहीत नव्हतं.

ऑक्टोबर २०२३ मध्ये सरकारनेच एक घोळ घालून ठेवला होता. घर गरम करायच्या तेलावरचा कार्बन आकार तीन वर्षांसाठी थांबवला. तेलावर घर तापवणारे जास्त करून पूर्वेकडच्या अटलांटिक प्रांतांतले. आम्ही गॅसवाले तसेच. माझी वरच्या मजल्यावरची शेजारीण, एरवी या सगळ्याच्या बाजूने बोलणारी, त्या दिवशी म्हणाली, त्यांची थंडी खरी आणि आमची खोटी का? तिला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं. नियम सगळ्यांना सारखा आहे हाच या योजनेचा पाया होता आणि तोच हलला.

मग १४ मार्च २०२५ ला मार्क कार्नी पंतप्रधान झाले आणि त्याच दिवशी ग्राहकांवरचा कार्बन आकार शून्यावर आणायच्या कागदावर सही झाली. १ एप्रिलपासून लागू. कारखान्यांवरचा वेगळा आहे, तो राहिला. १ एप्रिलला सकाळी नवऱ्याने पंपावरच्या बोर्डाचा फोटो पाठवला, पेट्रोल एका रात्रीत उतरलेलं, लोक खूश, रांगा लागलेल्या. खोटं कशाला बोलू, टाकी भरताना मलाही बरं वाटलं. शेवटचा हप्ता २२ एप्रिलला येणार असं जाहीर झालं, पंधराला नाही. आम्ही रिटर्न फेब्रुवारीतच भरलेलं होतं. २२ ला सकाळी ॲप उघडलं, २६४.२५, आणि समोर लेबल अगदी स्वच्छ, कॅनडा कार्बन रिबेट. सहा दिवसांनी निवडणूक होती.

वहीत मी तो आकडा लिहिला आणि फ्रिजवरच्या कागदावर १५ खोडलं. लेकीने विचारलं का खोडलंस, ती आता सात वर्षांची, म्हटलं ते पैसे आता येणार नाहीत. म्हणाली, मग खिडकीला प्लॅस्टिक लावायचं का नाही? लावायचं म्हटलं, गॅसचं बिल काही थांबलेलं नाही.

एक काम मात्र राहिलं होतं. माझी एक मैत्रीण वुडस्टॉकला राहते, नवरा-बायको आणि दोन मुलं, आणि वुडस्टॉक मोठ्या महानगरी क्षेत्रात मोडत नाही, म्हणजे तिला गावाकडची जादा रक्कम मिळायला हवी होती. त्या ट्रकवाल्याचा किस्सा आठवून मी तिला फोन केला, तुमच्या २०२३ च्या रिटर्नमध्ये त्या चौकोनात खूण आहे का बघ. नव्हती. त्यांच्या टॅक्स भरणाऱ्याने विचारलंच नव्हतं. मग एका रविवारी मी तिच्याकडे गेले, तिच्या अकाउंटमध्ये रिटर्न दुरुस्त करायचा पर्याय असतो तो उघडला, खूण केली, पाठवलं. चार जणांचे तिमाहीला २८०, त्याचे २० टक्के ५६, चार हप्त्यांचे २२४ डॉलर. ती म्हणत होती बंद झालेल्या योजनेचे पैसे आता कोण देतंय. जूनमध्ये तिचा मेसेज आला, स्क्रीनशॉट, २२४, आणि खाली फक्त एवढंच, "आले गं. वहीत काय लिहू, कशाचे?"

मी तिला फोनच केला आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं.